व्याह्यांचा अमेरिकेतला गडी

आमच्या व्याह्यांइतका बिनकामाचा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही. त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, आणि ते ऐकून त्यांनी मान डोलवली होती. आता ती मान माझ्या बोलण्यावर डोलली की समोर वाजत असलेल्या गाण्यावर, हे मला आजवर कळलेलं नाही. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात फिटरचं काम केलं. त्यांनी आवळलेल्या बोल्टांच्या भरवशावर माणसं आभाळात गेली आणि धड खाली उतरली. घरी मात्र मोरीतला नळ गळायला लागला तर हा माणूस त्याच्याखाली पत्र्याची बादली ठेवायचा आणि बायकोला हाक मारून सांगायचा, "ऐक, ऐक, बरोबर तालात पडतोय!"

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मंदाला बघायला आले तेव्हा. मुलाचा बाप म्हणून त्यांना खुर्ची दिली होती. बाकीची मंडळी शेतीचं, पगाराचं, पाहुण्यारावळ्यांचं विचारत होती आणि हे खिडकीतून बाहेर बघत उजवा पाय हलवत होते. आपल्याकडे बसल्या बसल्या पाय हलवणं चांगलं समजत नाहीत. मला वाटलं, काही दुखणं असेल. मुलगी द्यायची तर विचारून घेतलेलं बरं, म्हणून मी पोह्यांची बशी पुढे करत सरळ विचारलं, "पायाला काही त्रास आहे का हो?" तेवढ्यात त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची बायको म्हणाली, "पायाला कायबी नाय. डोक्यात गाणं चालू हाय त्यांच्या. तुम्ही पोहे द्या, आपोआप थांबल." पोहे दिले. पाय थांबला. मी त्याच क्षणी ठरवलं की मुलगी या घरात द्यायची. व्याह्यांमुळे नव्हे, विहिणीमुळे.

हे गाण्याचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कसं, ते विहीणबाई मला दर भेटीत नव्याने सांगत. लग्नानंतर त्यांना शिवणयंत्र हवं होतं. देवळाली कॅम्पात कुणी म्हातारा साहेब बंगला रिकामा करून परदेशी लेकीकडे निघाला होता आणि घरातलं सामान विकत होता. त्यात शिवणयंत्र आहे असं कळलं म्हणून व्याही सायकलवरून सकाळी गेले. संध्याकाळी आले ते कॅरिअरला एक पेटी बांधून. बाईंनी हळदकुंकू तयार ठेवलं होतं, यंत्राची पूजा करायला. पेटीचं झाकण उघडलं तर आत सुई होती, चाक होतं, पण शिवायचं काही नव्हतं. रेकॉर्ड वाजवायचं मशीन होतं ते! सोबत एका खोक्यात लहान लहान तबकड्या, सगळ्या एकाच गायकाच्या. "निम्मं तर तेच हाय की," व्याही बायकोला म्हणाले होते, "सुई हाय, चाक हाय." बाईंनी तेच हळदकुंकू त्या मशीनला वाहिलं आणि ब्लाउज बाहेरून शिवून घ्यायला सुरुवात केली.

हा गायक अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यातला. त्याचं नाव मला म्हणता येत नाही, आणि व्याहीही ते कधी घेत नाहीत. ते त्याला "आपला गडी" म्हणतात. आपल्या गड्याचा घसा आज बसलाय, आपला गडी आज खुशीत आहे, असं. त्याच्या गाण्यांच्या प्रकाराला बूगी म्हणतात, रॉकाबिली म्हणतात म्हणे. रॉकाबिली हा शब्द व्याही इतक्या अदबीने उच्चारतात की नवख्या माणसाला ते एखाद्या देवस्थानाचं नाव वाटावं. मला त्यातलं एवढंच कळतं की ती गाणी एका जागी बसत नाहीत. गिटार पुढे पळते, तिच्यामागे तो गडी पळतो, आणि सगळ्यांच्या मागून माणसाच्या उंचीचं एक लाकडी वाद्य. त्याच्या तारा ओढून सोडतात आणि वरून पंजानं थापाही मारतात. विहीणबाई आत भाकरी थापत असल्या की व्याही बाहेर बोट वर करून मला म्हणायचे, "ऐका विहीणबाई, आतून साथ चालू झाली." आणि खरंच सांगते, भाकरी तालात पडायची. बाईंना हे सांगितलं की त्या रागावून मुद्दाम वेडीवाकडी थापायच्या, आणि मग भाकरी तुटायची.

शिवाय या गड्याला गाता गाता उचकी लागते. शब्द अर्धा बाहेर येतो, अर्धा उचकीत अडकतो. व्याह्यांच्या मते ती उचकी म्हणजे त्या गायकीचा कळस. तशी उचकी द्यायला जन्म घालवावा लागतो, असं ते म्हणत. विहीणबाई म्हणायच्या, "कोण काढतंय त्याची एवढी आठवण? पाणी पाजा त्याला कुणीतरी."

रेकॉर्ड हातात घ्यायच्या आधी व्याही हातपाय धुतात. देवपूजेला बसताना नुसते हात धुतात, तेही मंदाने आठवण करून दिली तर. तबकडी पुसायला विहीणबाईंच्या मखमली ब्लाउजचा तुकडा आहे. तो ब्लाउज फाटलेला नव्हता, हे बाईंनी मला तीनदा तरी सांगितलं असेल. एकदा नाशिकच्या मेनरोडवरून त्यांनी मोठ्या कडांची एक टोपी आणली, त्या गड्याच्या फोटोत होती तशी. ती घालून चैत्राच्या उन्हात ते सायकलवरून कारखान्यात गेले. गेटवरच्या माणसाने त्यांना ओळखलंच नाही. संध्याकाळी बाईंनी ती टोपी आमच्या सायखेड्याला, माझ्या भावाच्या मळ्यात पाठवून दिली. तिथे ती मक्यातल्या बुजगावण्याच्या डोक्यावर दोन हंगाम टिकली. व्याही ती बघायला मुद्दाम सायखेड्याला जाऊन आले आणि म्हणाले, "त्याला माझ्यापेक्षा शोभते."

गाणी इंग्रजी. मी चौथी शिकलेली. तेव्हा गाण्याचा अर्थ सांगायचं काम व्याह्यांनी स्वतःकडे घेतलं. रेकॉर्ड सुरू झाली की ते माझ्याकडे झुकून हळू आवाजात सांगायचे. हा कुणी शेतकरी आहे. बायको रुसून माहेरी गेलीय. हा तिला आणायला निघालाय. वाटेत रेल्वेचं फाटक बंद आहे. मालगाडी इतकी लांब की तिचं इंजिन पुढच्या गावात पोचलंय आणि शेवटचा डबा अजून मागच्या गावात आहे. तोवर हा तिथल्या माणसांत बसून मक्याचं कणीस भाजून खातोय. अशी सगळी गाणी मला त्यांनी सांगितली. किती वर्षं मी ती तशीच ऐकली. मग नात कॉलेजात गेली. एके दिवशी तिने ते गाणं फोनवर शोधलं, त्यातले शब्द वाचले आणि हसत सुटली. "आजी, यात बायको नाहीये. माहेर नाहीये. फाटक पण नाहीये. हे आख्खं गाणं एका पंक्चर झालेल्या टायरबद्दल आहे!"

मी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांना लाजबिज काही वाटलेली दिसली नाही. "टायर कशाचं?" त्यांनी नातीला विचारलं.

"गाडीचं."

"गाडी कुठं चाललीय?"

"ते नाही लिहिलेलं, आबा."

"मग? गाणं म्हणत म्हणत माणूस दुसरीकडे कुठं जातो? सासुरवाडीलाच जातो की."

नातीने कपाळावर हात मारला. तेव्हा कळलं की आमच्या व्याह्यांना त्या इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, सगळी गाणी त्यांनी मनानेच रचलेली. मी म्हटलं, "इतकी वर्षं मला फसवलंत." तर म्हणाले, "फसवलं कसं? तुम्हाला टायरचं गाणं ऐकायला आवडलं असतं का?" खरं होतं. नसतं आवडलं.

त्या गड्याची दुःखाची गाणीही आहेत. नात म्हणाली, तिकडे तो त्याच गाण्यांसाठी प्रसिद्ध होता, लोक रडायचे म्हणे. खोक्यात त्यातल्या दोन तबकड्या होत्या. व्याह्यांनी त्या एकदा लावून पाहिल्या आणि कायमच्या पलंगाखाली ढकलल्या. मी कारण विचारलं तर म्हणाले, "विहीणबाई, रडणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत का? आपल्या गड्याला निदान इथं तरी हसू द्या."

मला लेकीकडे राहायला फारसं आवडत नाही, पण दुपारच्या वेळी ओझरला बसलेली मला आवडे. हे मी कुणाला बोलले नव्हते. जेवणं झालेली, कॉलनीत सामसूम, दाराशी बोगनवेलीची सावली. मी मेथी निवडायला घ्यायची. विहीणबाई भिंतीला टेकून डोळे मिटायच्या. व्याही तबकडी लावायचे आणि स्वतः गप्प. त्या वेळेला अर्थ सांगायचे नाहीत. मग मला तो गडी सायखेड्याला दिसायचा. का ते माहीत नाही. अमेरिका मी कुठे पाहिलीय? मला गोदावरीच दिसायची, पाणी उतरलेली, मधले खडक उघडे पडलेले. पलीकडच्या काठाने मका उभा आहे, आणि त्या मक्यामागून ती लांबच लांब मालगाडी चाललीय, आवाज न करता. सायखेड्याला तसली गाडी कधी आली नाही. पण त्या दुपारी येऊन जायची. माझी आई काठावर गोधडी आपटत असायची, आणि तो टोपीवाला गडी तिला विचारायचा की गाडी थांबते का इथे. आई म्हणायची, थांबत नाही बाबा, पण हळू जाते. मग डोक्यावरून एखादं विमान घरघरत जायचं आणि मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिलेली असायची. मंदा म्हणते मी झोपलेली असायची. मी झोपलेली नसायची.

गाणं संपलं की विहीणबाई डोळे न उघडता ओरडायच्या, "झालं ना? ठेवा आता ते झाकण!" आणि व्याही दुसरी बाजू लावून आवाज थोडा वाढवायचे. मग त्या त्याहून मोठ्याने ओरडायच्या. त्यांचा आवाज असा होता की समोरच्या घरातली बाई कधीकधी स्वतःचाच टीव्ही बंद करायची.

गेल्या साली विहीणबाई गेल्या. दुपारचीच वेळ. मंदा आणि जावई कामावर, नात कॉलेजला. व्याही बाहेर रेकॉर्ड ऐकत होते. ती संपली, बाजू पालटायच्या आधी चहाचं सांगावं म्हणून आत गेले, तर बाई ओट्याला टेकून खाली बसलेल्या. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं, त्यांना काही कळलंही नसेल.

तेराव्याला आम्ही मंदाच्या माहेरची माणसं दुखवटा घेऊन गेलो. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्या घरात माणूस गेलं त्यांनी आपलं सुतक आपण उठवायचं नसतं. ते सोयऱ्यांनी येऊन उठवायचं असतं. आम्ही व्याह्यांना टोपी-टॉवेल दिला, जावयाला सदरा दिला, मंदाला साडी नेसवली, आणि मी माझ्या हाताने सगळ्यांना गोडाचा घास भरवला. म्हणजे आता हसायला, बोलायला, कामाला लागायला मोकळीक झाली. जावई कामाला लागले. मंदा लागली. व्याह्यांनी टोपी घातली, विहीणबाईंचा हार घातलेला फोटो आणला आणि त्या मशीनच्या झाकणावर ठेवून दिला.

मी म्हटलं, वर्ष पाळतील. पाळू द्या. पण वर्षश्राद्ध झालं तरी फोटो तिथेच. घरात ते बोलेनासे झाले. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. पायसुद्धा हलत नव्हता. मी इतकी वर्षं त्या पायाला नावं ठेवली, पण तो थांबलेला बघवेना. मग या आठवड्यात मंदाचा फोन आला. "आई, उद्या भंगारवाला येतोय. आबांनी स्वतः बोलावलाय. मशीन आणि खोकं सगळं देऊन टाकणार म्हणतात. मी बोलले, हे बोलले, ऐकत नाहीत. आणि आई, ते गेलं ना, तर मग आबापण..." पुढचं तिने बोलायची गरजच नव्हती. मी पिशवी उचलली आणि बस धरली.

व्याही पलंगावर बसले होते. मी पाणीही न पिता विचारलं, "काय हो, भंगारवाला कशाला?"

"जुनं झालंय सगळं."

"तुम्हीपण झालात. तुम्हाला देतोय का कुणी?"

एरवी हसले असते. हसले नाहीत. मशीनकडे बघत म्हणाले, "मी ते ऐकत बसलो होतो, विहीणबाई. मोठा आवाज होता. तिनं हाक मारली असणार. मला ऐकूच आली नाही."

म्हणजे वर्षभर हा माणूस हे घेऊन बसला होता, आणि घरात कुणाला पत्ता नाही. मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. मी जे डोक्यात आलं ते बोलले. "व्याहीबुवा, तुमची बायको त्या मशीनवरून रोज ओरडायची, ते या कॉलनीत कुणाला ऐकू यायचं नाही? पार कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला यायचं. तुम्ही आवाज केवढाही करा, तिचा त्याच्या वर जायचा. जायचा का नाही?"

"जायचा."

"मग हाक मारली असती तर ऐकू आली असती. तुम्हालाही आणि किराणावाल्यालाही. तिने हाक मारलीच नाही. तेवढा वेळच नव्हता तिला. डॉक्टर शिकलेला माणूस आहे, तो काय तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलेल?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मनातल्या मनात पुन्हापुन्हा मोजून पाहत असावेत, तिचा आवाज आणि रेकॉर्डचा आवाज. मी थांबले नाही. "आणि दुसरं. टोपी-टॉवेल देऊन मी दुखवटा काढला, पण कानांचा राहिला. ती माझी चूक. तुम्ही हात लावायचा नाही, ही रीत आहे. मी काढते."

उठले, फोटो उचलला आणि खिडकीत ठेवला. तिथून कॉलनीतली येजा दिसते. झाकणावर वर्षाची धूळ बसली होती. ती पदराने पुसली, आतली पुसली, बाजूच्या खुंट्याबिंट्या पुसल्या. खोक्यातून वरची तबकडी काढली. मंदा दारात उभी राहून म्हणाली, "आई, हात धुतलेस का?" त्याबरोबर पलंगावरून आवाज आला, "राहू दे गं, मंदा." तबकडी बसवली, बटण दाबलं, पिन टेकवली.

आधी खरखर झाली. मग त्या पेटीतून जो आवाज निघाला तो आपल्या गड्याचा नव्हताच. जड, खोल, रेड्याने जांभई द्यावी तसा. गिटार पाण्याखाली वाजत असल्यासारखी. लाकडी वाद्याची एक थाप पडायची आणि पुढची येईपर्यंत वाटायचं, आता काही येत नाही. तेवढ्यात यायची. एरवी गाडीमागे धावणारा माणूस, आज बांधाबांधाने एकटाच चालला होता, वाटेत उभा राहत, मागे वळून बघत. म्हटलं, बाई गं, मोडलं आपण!

व्याही उठून आले आणि मशीनशेजारी खालीच बसले. "पुसताना खुंटी फिरली तुमच्याकडून," ते म्हणाले. "वेग कमी झालाय."

"मग करा की बरोबर. फिटर ना तुम्ही?"

त्यांनी हात पुढे केला. बोटं खुंटीवर ठेवली. ठेवली आणि तशीच राहिली. डोळे मिटले होते. त्या संथ आवाजात उचकी आली, ती उचकी वाटलीच नाही. माणूस बोलता बोलता थांबतो आणि श्वास घेऊन पुन्हा बोलायला लागतो, तशी वाटली.

"असा आहे होय हा आतून," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं पळत होता, म्हणून कळलं नाही."

खुंटीवरचा हात त्यांनी मागे घेतला. "राहू द्या असंच. आज एवढ्या वेगानं जमेल मला. पुढचं पुढं." मग मंदाकडे न बघता म्हणाले, "उद्या भंगारवाला आला तर गच्चीवरचे गंजलेले डबे दे त्याला."

उन्हं उतरली होती आणि माझी नाशिकची बस जायची वेळ झाली होती. मंदा दारातूनच मला मनगटावर बोट ठेवून खुणा करत होती. मी तिला हातानेच थांब म्हटलं. गाणं अजून अर्ध्यावरच होतं, आणि तो गडी ज्या चालीने चालला होता त्या चालीने घरी कधी पोचेल, ते सांगता येण्यासारखं नव्हतं.